भूतशब्द आणि लुप्त अक्षरें

दुर्मिळ शब्द हातीं लागला म्हणजे संशोधकास होणारा आनंद निधि सांपडलेल्या मनुष्याच्या आनंदाहून कमी नसतो. दप्तरांतील एखाद्या जीर्ण बंदावर कोणत्याही कोशांत नसलेला शब्द दिसतो. वाचणारा प्रकरणावरून त्याचा अर्थ लावतो, संस्कृत धातूशीं अथवा फारशी शब्दाशीं त्याचें नातें जुळवितो, आणि लवकरच एक अप्रसिद्ध शब्द म्हणून तो विद्वानांपुढें येतो. ह्या आनंदांत विरजण घालण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतु नाहीं. परंतु असा प्रत्येक शब्द खरोखर कोणाच्या तरी मुखांतून निघालेला असतो, कीं कांहीं शब्द केवळ वाचणाराच्या डोळ्यांतच जन्म पावतात, हा प्रश्न विचारणें अवश्य आहे. इंग्रजी भाषेच्या अभ्यासकांनीं हा प्रश्न स्वतःच्या कोशांस विचारला व त्याचें उत्तर निर्भीडपणें छापलें. त्यांचा तो अनुभव येथें तपासून, पाठनिर्णयाच्या एका सर्वमान्य नियमास मर्यादा घालणें कसें प्राप्त आहे, हें दाखवावयाचें आहे. शेवटीं प्रस्तुत लेखकाच्या पदरीं असलेला एक प्रमादही कबूल करावयाचा आहे.

(१) लुप्त अक्षरें

इंग्रजी वर्णमाला आज सव्वीस अक्षरांची आहे. पूर्वीं ती तशी नव्हती. ख्रिस्ती धर्मोपदेशकांबरोबर रोमन लिपि इंग्लंडांत रुजली, तेव्हां तेथील भाषेच्या कांहीं ध्वनींस तिच्यांत अक्षरें नव्हतीं. ती उणीव भरून काढण्यासाठीं लेखकांनीं आपल्या जुन्या रून लिपींतून दोन अक्षरें उचललीं. एक 'थॉर्न', म्हणजे कांटा. उभा दंड व त्याच्या मध्यावर उजवीकडे पोट, अशी त्याची आकृति. आज जो ध्वनि 'टी' आणि 'एच्' ह्या दोन अक्षरांनीं दाखवितात, त्यासाठीं तें होतें. दुसरें 'विन', म्हणजे आनंद, तें वकारासाठीं. ह्यांखेरीज 'डी'च्या दंडास आडवी रेघ देऊन 'एध' नांवाचें अक्षर केलें, आणि 'ए' व 'ई' एकत्र जोडून 'ॲश' हें स्वरचिन्ह केलें. विन तेराव्या शतकानंतर दिसेनासें झालें. त्याच्या जागीं दोन 'यू' जोडून लिहिण्याची रीत आली. म्हणूनच त्या अक्षराचें नांव अद्याप 'डबल यू' आहे, मग छापील आकृति दोन 'व्हीं'ची कां असेना. अक्षराची आकृति बदलते आणि नांव मागें राहतें, ह्याचें हें बोलकें उदाहरण होय. थॉर्न व एध आइसलंडच्या भाषेंत आजही चालू आहेत.

थॉर्नची गोष्ट विशेष उद्बोधक आहे. इंग्लंडांतील जुन्या धर्तीच्या दुकानांच्या व खानावळींच्या पाट्यांवर 'वाय' आणि 'ई' अशीं दोन अक्षरें लिहून पुढें 'ओल्ड' हा शब्द मुद्दाम जुन्या वर्णलेखनांत लिहितात, आणि लोक तें 'यी ओल्डी' असें वाचतात. पूर्वींचे इंग्रज 'दि' ह्या उपपदाचा उच्चार 'यी' असा करीत, अशी समजूत त्यावरून पसरली आहे. ती सर्वथैव चुकीची आहे. तें पहिलें अक्षर 'वाय' नसून थॉर्न आहे, आणि उच्चार 'दि' असाच होता. हस्तलिखितांत थॉर्नवर बारीक 'ई' काढून 'दि' हा शब्द व बारीक 'टी' काढून 'दॅट' हा शब्द संक्षेपानें लिहीत. 'तुम्ही' ह्या अर्थाचें 'यी' हें सर्वनाम इंग्रजींत खरोखरच आहे. पण तें निराळें, त्याचा ह्या उपपदाशीं कांहीं संबंध नाहीं. पाट्यांवरील ही नकली प्राचीनता तर एकोणिसाव्या शतकांतील हौस आहे.

ह्या घोटाळ्याचा दोष बहुतेक लेखक छापखान्यावर टाकतात. कॅक्सटननें सन १४७६ मध्यें वेस्टमिन्स्टर येथें मुद्रणालय घातलें. मुद्रणाची विद्या व खिळ्यांचे नमुने युरोपखंडांतून आले, त्यांत थॉर्न नव्हता, म्हणून जुळाऱ्यांनीं 'वाय' बसविला, असें सांगण्यांत येतें. हें खरें, पण अर्धेंच खरें. छापखाना येण्यापूर्वींच लेखकांच्या हातांत थॉर्नचा दंड वरच्या बाजूस आखूड होत गेला होता, पोट उघडें पडलें होतें, आणि कित्येक हस्तांत तो 'वाय'पासून ओळखूं येत नव्हता. जुळाऱ्यानें नवी चूक केली नाहीं. लेखणीनें केलेली चूक त्यानें शिशांत ओतून कायम केली. हस्तलिखितांचा अभ्यास सोडून केवळ छापील ग्रंथांवरून इतिहास लिहिला म्हणजे दोष भलत्याच्या माथीं कसा बसतो, हें ह्यावरून दिसेल.

स्कॉटलंडांत हाच प्रकार 'योग' नांवाच्या अक्षराचा झाला. आपल्या 'योग' शब्दाशीं त्याचा अर्थातच कांहीं संबंध नाहीं. जुन्या 'जी'च्या आकृतीपासून निघालेलें हें अक्षर यकारासारख्या व घशांतल्या घर्षध्वनीसाठीं वापरीत. त्याची शेपटीदार आकृति व 'झेड्'ची हातानें काढलेली आकृति एकसारख्या झाल्या, आणि छापतांना सर्रास 'झेड्' पडला. त्यामुळें तेथील एक कुलनाम लिहितांना 'मेन्झीज' दिसतें, पण जाणते लोक तें 'मिंगिस' असें उच्चारतात. दुसरें 'डाल्झील' असें दिसतें, पण उच्चार 'डीएल' असा आहे. ह्या दोन्ही ठिकाणीं मुखानें लेखणीस दाद दिली नाहीं. 'मॅकेन्झी' ह्या नांवांत मात्र लेखणी जिंकली. तेथेंही मुळांत योगच होता. पण आज त्या कुळांतील लोक स्वतःच 'झ' उच्चारतात. वाचनाच्या चुकीनें मनुष्याचें आडनांव बदलतें, आणि दोन-चार पिढ्यांनीं तीच चूक कुलाचार होऊन बसते.

आमच्या प्रांताच्या इतिहासाशीं ज्याचा प्रत्यक्ष संबंध येतो, असें एक अक्षर म्हणजे दीर्घ 'एस्'. अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत इंग्रजींत शब्दाच्या आरंभीं व मध्यें उंच दंडाचा 'एस्' आणि शब्दान्तीं आजचा वाटोळा 'एस्' लिहीत. उंच 'एस्' व 'एफ्' ह्यांत भेद एवढाच कीं 'एफ्'ची आडवी रेघ दंडाच्या आरपार जाते, आणि दीर्घ 'एस्'ची एक तर नसते किंवा डावीकडेच थांबते. लंडनच्या 'टाइम्स' पत्रानें सन १८०३ मध्यें हें अक्षर सोडलें. छापण्यांतून तें गेलें, तरी हस्तलेखनांत जोड-'एस्'मधील पहिला 'एस्' उंच काढण्याची चाल त्यानंतरही पुष्कळ वर्षें राहिली. कंपनी सरकारचे मुंबईकडील कागद वाचणारांनीं हें ध्यानांत ठेवणें अगत्याचें आहे. वसईचें इंग्रजी नांव 'बसीन'. त्यांत दोन 'एस्' लागोपाठ येतात. नवशिका वाचक तें 'बाफ्सीन' असें वाचून एखादें नवेंच बंदर नकाशावर शोधूं लागेल, आणि सन १८०२ चा वसईचा तह त्याच्या हातांत असूनही तो त्यास ओळखणार नाहीं.

(२) भूतशब्द

अक्षराचा भ्रम शब्दापर्यंत पोहोंचला म्हणजे काय होतें, हें आतां पाहूं. केंब्रिज येथील अँग्लो-सॅक्सनचे अध्यापक वॉल्टर स्कीट ह्यांनीं सन १८८६ मध्यें लंडनच्या फायलॉलॉजिकल सोसायटीच्या अध्यक्षपदावरून केलेल्या भाषणांत अशा शब्दांस 'भूतशब्द' ही संज्ञा दिली. ज्यास देह कधींच नव्हता, जो कोणीं कधीं बोलला नाहीं, पण लेखकाच्या, जुळाऱ्याच्या किंवा संपादकाच्या चुकीनें जो कोशांत हिंडूं लागला, तो भूतशब्द. संज्ञा मार्मिक आहे. मात्र आमच्या समजुतीप्रमाणें भूत होण्यास आधीं जगून मरावें लागतें, आणि हे शब्द तर न जन्मतांच झपाटतात.

स्कीट ह्यांनीं दिलेलें एक उदाहरण आपल्या देशासंबंधीं आहे. सन १८०८ च्या 'एडिंबरो रिव्ह्यू' पत्रांत हिंदु लोकांच्या उग्र आचारांचें वर्णन करतांना, कित्येक लोक आंकड्यास टांगून घेतात व कित्येक हातांतून 'काइम्स' आरपार घालतात, असें छापलें गेलें. 'काइम्स' हें हत्यार कोणतें? असा शब्द ना इंग्रजींत, ना आमच्या कोणत्याही भाषेंत. तो 'नाइव्ह्ज', म्हणजे चाकू, ह्या साध्या शब्दाचा अपपाठ होता. इंग्रजी हस्ताक्षरांत 'एन्', 'आय', 'व्ही', 'एम्' हीं सर्व अक्षरें आंखूड उभ्या रेघांचींच बनतात. रेघा मोजण्यांत चूक झाली कीं एका शब्दाचा दुसरा होतो. शेक्सपिअरच्या 'सिंबेलीन' नाटकांतील नायिकेचें 'इमोजेन' हें प्रसिद्ध नांवही असेंच उपजलें असावें, असें अनेक पंडितांचें मत आहे. सन १६११ मध्यें तें नाटक पाहिलेल्या सायमन फॉर्मन ह्यानें आपल्या टिपणांत 'इनोजेन' लिहिलें आहे, आणि सन १६२३ च्या छापील संहितेंत दोन 'एन्'च्या जागीं एक 'एम्' आहे. तें इतकें रुळलें कीं पुढें मुलींचीं नांवें 'इमोजेन' ठेवण्यांत आलीं.

वॉल्टर स्कॉटच्या 'मोनास्टरी' ह्या सन १८२० च्या कादंबरींतील उदाहरण तर प्रत्येक व्युत्पत्तिकारानें भिंतीवर लिहून ठेवावें असें आहे. एक पात्र दुसऱ्यास, तूं वधाचे विचार इतक्यांतच 'मॉर्स' करूं लागलास काय, असें विचारतें. हा 'मॉर्स' धातु कोणता, ह्याविषयीं दोघां जाणत्यांनीं निरनिराळ्या व्युत्पत्ति पुढें केल्या. एकानें तो बंदुकीच्या कानांत घालावयाच्या दारूस जो फ्रेंच शब्द आहे त्यावरून साधला, आणि 'विचारांस बत्ती देण्याची तयारी करणें' असा अर्थ लावला. दुसऱ्यानें लॅटिनांतील 'चावणें' ह्या अर्थाच्या धातूवरून साधला, आणि 'विचार कुरतडीत बसणें' असा अर्थ केला. दोन्ही अर्थ प्रकरणास जुळत, दोन्ही व्युत्पत्ति भाषाशास्त्राच्या नियमांस धरून होत्या. मूळ हस्तलिखितांत 'नर्स', म्हणजे जोपासणें, एवढाच शब्द होता.

आतां ह्याच्या उलट उदाहरण पाहा. अमेरिकेंतील वेब्स्टरच्या मोठ्या कोशाच्या सन १९३४ च्या दुसऱ्या आवृत्तींत 'डॉर्ड' असा शब्द असून त्याचा अर्थ 'घनता' असा दिला आहे. मूळ प्रकार असा. रसायनविषयक संपादकानें जुलै १९३१ मध्यें एक चिठ्ठी लिहिली होती. तिचा आशय, घनता ह्या शब्दाचा संक्षेप मोठा 'डी' अथवा लहान 'डी' असा करतात, म्हणजे 'डी ऑर डी', एवढाच होता. ती संक्षेपांच्या गठ्ठ्यांत जावयाची, ती शब्दांच्या गठ्ठ्यांत गेली. मधली जागा मिटली, आणि शब्द तयार झाला. सन १९३९ मध्यें एका संपादकास हा शब्द खटकला. कां खटकला? तर त्याच्यापुढें व्युत्पत्ति दिलेली नव्हती म्हणून. 'मॉर्स'ला दोन व्युत्पत्ति मिळाल्या म्हणून तो प्रतिष्ठा पावला, 'डॉर्ड'ला एकही मिळाली नाहीं म्हणून तो पकडला गेला. व्युत्पत्ति हें शब्दाच्या अस्तित्वाचें प्रमाण नव्हे, ही गोष्ट ह्याहून स्पष्ट कशानें होणार?

आणखी एक प्रकार साक्षीदारांच्या संख्येचा. 'अबॅकॉट' म्हणजे इंग्लंडच्या राजांची दुहेरी मुकुटाच्या आकाराची टोपी, असें अनेक कोश सांगत आले. हॉलिन्शेडच्या बखरींत तो शब्द आहे, स्पेलमनच्या कोशांत आहे, आणि पुढील कोशांत तर आहेच. सन १८८४ पासून खंडशः प्रसिद्ध होऊं लागलेल्या ऑक्सफर्डच्या कोशाचे संपादक जेम्स मरे ह्यांनीं त्याचा माग काढला. मूळ शब्द 'बायकॉकेट', एक प्रकारचें शिरस्त्राण. त्याच्यामागील 'अ' हें उपपद त्यास चिकटलें, आणि एकामागून एक नकलांत झिजत झिजत 'अबॅकॉट' उरलें. साक्षीदार पुष्कळ, पण सर्वांची साक्ष ऐकीव. दहा ग्रंथांनीं एकमेकांवरून उतरून घेतलेली चूक ही दहा प्रमाणें नव्हेत, एकच चूक होय. शब्द चुकीच्या जागीं तुटल्याचे दाखले बोलण्यांतही आहेत: 'अ नॅप्रन' ह्याचें 'ॲन ॲप्रन' झालें, 'अ नॅडर' ह्याचें 'ॲन ॲडर' झालें. आमच्या 'नारंग' शब्दाचा नकारही वाटेंत असाच गळाला, पण तो इंग्रजांनीं गाळला असें जें म्हणतात तें बरोबर नाहीं. इंग्रजींत तो शब्द येण्यापूर्वींच युरोपांतील इतर भाषांत तो गळून गेला होता.

सर्वच भूतशब्द मात्र हाकलून देतां येत नाहींत. सिसेरोनें ॲटिकसास लिहिलेल्या पत्रांत ग्रंथांच्या गुंडाळ्यांस लावावयाच्या चामड्याच्या नांवपट्ट्यांस 'सित्तिबा' हा ग्रीक शब्द आहे. पंधराव्या शतकांतील छापील प्रतींत त्याचें 'सिल्लाबोस' असें झालें. मग 'एकत्र घेणें' ह्या अर्थाच्या ग्रीक धातूशीं पंडितांनीं त्याचा संबंध जोडला. आणि त्यांतून 'सिलॅबस' शब्द निघाला. ज्या शब्दाच्या धाकांत प्रस्तुत लेखकाचा अध्यापनाचा सर्व काळ गेला, तो शब्दच मुळीं अशुद्ध पाठ निघावा, ह्यास दैवाचा विनोद म्हणावें. पण योगाहून रूढि बलवत्तर, हा न्याय येथें लागू आहे. शब्द वापरावा, त्याची जन्मकथा मात्र खोटी सांगूं नये.

(३) दुर्घट पाठाचा नियम

पाठचिकित्सेंत असा एक नियम सर्वत्र मानतात कीं, दोन पाठांपैकीं जो दुर्घट तो प्राचीन. लिपिकार अवघड शब्दाचा सोपा करतो, सोप्याचा अवघड करीत नाहीं, ही त्याची उपपत्ति. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तींत, सन १९३३ च्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेंत, विष्णु सीताराम सुखठणकर ह्यांनीं ह्या नियमाचा साक्षेपानें उपयोग केला आहे. तेथें तो योग्यच आहे. पण वरील सर्व उदाहरणें ह्या नियमास लावून पाहावीं: 'मॉर्स' हा दुर्घट पाठ व 'नर्स' सुलभ, 'काइम्स' दुर्घट व 'नाइव्ह्ज' सुलभ. नियम आंधळेपणानें चालविला तर प्रत्येक वेळीं भूत घरांत येतें आणि घरचा माणूस बाहेर जातो.

ह्याचें कारण असें कीं हा नियम समजून लिहिणाऱ्या लिपिकारासाठीं आहे. जो समजून लिहितो तो चुकला तर सोप्याकडे चुकतो; जो न समजतां केवळ आकृति उतरवितो, तो चुकला तर निरर्थकाकडे चुकतो. 'जसें पाहिलें तसें लिहिलें, दोष माझा नव्हे', असें ग्रंथान्तीं सांगणारा आमचा लिपिकार दोन्ही प्रकारचा असूं शकतो. आणि मोडीचें लिप्यंतर करणारा आजचा वाचक बहुधा दुसऱ्या प्रकारचा असतो. दुसरें असें कीं महाभारताच्या अनेक प्रती अनेक प्रांतांत स्वतंत्रपणें वाढल्या. म्हणून तेथें पाठास पाठ ताडून पाहतां येतो. दप्तरांतील कागदाची प्रत एकच असते. तेथें 'दुर्घट म्हणून ग्राह्य' असें म्हणणें म्हणजे आपल्या न समजण्यासच प्रमाण मानणें होय.

(४) एक कबुली व कांहीं सूचना

कित्येक वर्षांपूर्वीं पुणें प्रांतांतील एक मोडी हिशेबाचा बंद प्रस्तुत लेखकाच्या हातीं आला. त्यांत एका गांवाच्या नांवापुढें 'पासुपे' असा शब्द दिसला. कोशांत शोधला, सांपडला नाहीं, आनंद झाला. शकाराचा सकार झाला, अन्त्य तकार लोपला, तेव्हां मूळ शब्द 'पाशुपत', आणि तें गांव पूर्वीं एखाद्या पाशुपत मठास दिलेलें असावें, असा सिद्धान्त मीं उभारला. वररुचीच्या नियमाप्रमाणें मधल्या पकाराचा वकार व्हावयास पाहिजे होता, तो झालेला नव्हता. ही अडचण मला दिसली होती. पण शब्द मठांतील विद्वानांच्या तोंडचा म्हणून अर्धवट तत्सम राहिला, असें म्हणून मीं तिची वाट लावली. चार स्नेह्यांच्या बैठकींत तें टिपण मोठ्या उत्साहानें वाचून दाखविलें. तेथें एक वृद्ध गृहस्थ होते. संस्कृताशीं त्यांचा परिचय नव्हता, पण हयात दप्तरांत गेलेली. त्यांनीं कागद उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "मास्तर, 'पा' पुढला दंड पाण्यानें पुसट झाला आहे. पा दंड, सुपे. परगणे सुपे." मोडींत शब्द तोडून लिहीत नाहींत, सर्व अक्षरें एकाच शिरोरेषेखालीं येतात, 'परगणे' शब्दाचा संक्षेप पुढल्या नांवास चिकटला, आणि माझा मठ उभा राहिला. 'डॉर्ड'ची हकीकत पुढें वाचली, तेव्हां हंसूं आलें नाहीं. त्या टिपणाची एक नक्कल एका संग्राहक मित्राकडे गेली होती, व तींतील शब्द दुसऱ्या एका यादींत उतरल्याचें मीं अलीकडेच पाहिलें. म्हणून येथें स्पष्ट लिहितों कीं 'पासुपे' नांवाचा शब्द मराठींत नाहीं. ज्यांच्या संग्रहीं तो असेल, त्यांनीं तो खोडावा.

ह्या अनुभवावरून अप्रसिद्ध शब्द प्रसिद्ध करणारांस चार सूचना कराव्याशा वाटतात. पहिली: शब्द एकदांच आढळला असेल तर तो 'संशयित' म्हणून छापावा, परस्परांवरून न उतरलेल्या दोन कागदांत सांपडल्यावरच त्यास कोशांत स्थान द्यावें. दुसरी: लिप्यंतराबरोबर त्या ओळीचें छायाचित्र अथवा हुबेहूब रेखाटन द्यावें, म्हणजे दुसऱ्याचा डोळा आपली चूक पकडूं शकेल. तिसरी: संक्षेपाचे दंड, बिंदु व पुसट जागा लिप्यंतरांत जशाच्या तशा दाखवाव्या, मनानें भरूं नयेत, मनानें गाळूंही नयेत. देवनागरींत 'ख' हा 'रव' वाचला जातो, 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' ह्यांची अदलाबदल होते, मोडींत इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घभेद नसतो; तेव्हां नवा शब्द मानण्यापूर्वीं अशीं रूपें पालटून जुना शब्द निघतो कीं काय, तें पाहावें. चौथी, आणि आम्हां संस्कृतज्ञांस सर्वांत जड: व्युत्पत्ति शेवटीं करावी. धातूंचा साठा ज्याच्याजवळ मोठा, त्यास कोणत्याही आकृतीची व्युत्पत्ति साधतां येते. म्हणूनच त्यानें ती लवकर साधूं नये.

मोडी सन १९५० च्या सुमारास शाळांतून गेली. आज ती घरांत शिकलेला मनुष्य विरळा, आणि पुढें आमच्या लिप्यंतरांवरच विसंबणारे वाचक अधिक होणार. थॉर्न न ओळखणाऱ्या पिढीनें 'दि'चें 'यी' केलें, योग न ओळखणाऱ्या पिढीनें आडनांवें बदललीं. आमच्या कागदांतील गांवें, माणसें व हक्क ह्यांचें तसें होऊं नये, ही जबाबदारी ज्यांस अद्याप दंड आणि कांना ह्यांतील भेद दिसतो, त्यांच्यावर आहे. सुज्ञ संग्राहकांनीं आपापल्या याद्या एकवार उजेडाकडे धरून पाहाव्या, एवढीच विनंती.